ब्रेकमागची भिंत

मोटार कशी धावते हे सांगायला कुणीही तयार असतो. इंजिन किती अश्वशक्तीचे, ताशी वेग किती, एका लिटरला किती किलोमीटर जाते, हे घरातल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. पण धावती मोटार थांबते कशी, असे विचारले तर ‘ब्रेक दाबला की थांबते’ एवढे सांगून बहुतेक मंडळी गप्प बसतात. ब्रेक दाबताना आपण नेमका कशाला रेटा देतो आणि तो रेटा शेवटी कोण सोसतो, हा प्रश्न तर गाडी हाकण्यात जन्म गेलेल्यांच्याही मनात सहसा येत नाही. माझ्या मनात तो एका मिस्त्रीने घातला. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. पण ती नीट कळायची तर त्या प्रश्नाचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आधी ठाऊक असायला हवा, आणि तो इतिहास मोठा रंजक आहे.

मोटारीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या मागे पत्र्याची एक उभी भिंत दिसते. तिच्या एका अंगाला इंजिनाची धग, तेल आणि धूर. दुसऱ्या अंगाला आपले पाय. अमेरिकेत तिला फायरवॉल, म्हणजे आग अडवणारी भिंत, असे म्हणतात. इंग्रज पडला दर्यावर्दी. त्याने जहाजाच्या पोटातल्या आडव्या भिंतीचे नाव हिला दिले आणि तो तिला बल्कहेड म्हणू लागला. या भिंतीचा मूळ पुरुष मात्र घोडागाडीतला आहे. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूला लाकडाची किंवा कातड्याची एक फळी उभी करीत. तिचे नाव डॅशबोर्ड. घोडा गेला, त्याच्या जागी इंजिन आले, फळी तिथेच राहिली. कालांतराने तिच्या आतल्या बाजूला वेगाचे आणि तेलाचे काटे बसले आणि डॅशबोर्ड हे नाव त्या काट्यांच्या फळीकडे गेले. चिखल अडवायला जन्मलेली मूळची भिंत आता धग अडवू लागली. तिच्यावर याहून भारी काम कधी पडेल असे तेव्हा कुणाला वाटले नव्हते.

मोटारीच्या बाल्यावस्थेत ब्रेकचा आणि या भिंतीचा काही संबंधही नव्हता. त्या वेळचे ब्रेक म्हणजे सळया, तारा, कड्या आणि बिजागऱ्या यांचा मोठा प्रपंच. पायाने पेडल दाबले की एक सळई ओढली जाई, ती दुसरीला ओढी, आणि अखेरीस चाकापाशी ड्रमवर पट्टा आवळला जाई किंवा ड्रमच्या आतले शू फाकत. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर पायाचा ब्रेक चाकांवर नव्हताच. तो गिअरपेटीतल्या ड्रमवर चाले, आणि हाताचा ब्रेक मागच्या दोन चाकांना धरी. पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी कोलांटी खाईल, अशी भीती पुष्कळांना वाटत असे.

ही भीती हळूहळू ओसरली, पण चारही चाकांना सळयांचे ब्रेक लावायचे म्हटले की दुसरेच दुखणे उभे राही. पुढची चाके वळतात, खड्ड्यात गेली की खालीवर होतात. त्यांच्यापर्यंत सळई न्यायची कशी? नेली तरी चारही सळयांचा ताण सारखा ठेवायचा कसा? एका बाजूची सळई जराशी सैल पडली की ब्रेक दाबताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढली जाई. चौघा भावांना एका दोरीने चालवण्यासारखाच हा प्रकार. एकाने आखडते घेतले की सगळा गाडा तिरपा.

या दुखण्यावरचे औषध सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच पंडिताने सांगून ठेवले होते. ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याचे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असते. बंद भांड्यातल्या द्रवाला एका ठिकाणी दाबले तर तो दाब सगळ्या दिशांना सारखाच पोचतो, हे त्याचे म्हणणे. त्याचा या विषयावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने याच तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्यावर थोडा जोर लावा, मोठ्या दट्ट्यावर पुष्कळ जोर मिळतो. सळई वाकते, सैल पडते, कोपऱ्यावर अडते. द्रवाला यातले काहीच बाधत नाही. तो नळीतून हव्या त्या वळणाने जातो आणि चारही ठिकाणी सारखाच दाब देतो. मोटारीच्या ब्रेकला याहून चांगला नोकर कुठे मिळणार? तरीही तो कामावर रुजू व्हायला सव्वाशे वर्षे लागली.

त्याला कामावर लावणारा माणूस माल्कम लॉकहीड. त्याचे आडनाव इंग्रजीत अशा अक्षरांनी लिहिले जाई की लोक ‘लॉगहेड’ असा उच्चार करीत, आणि तसे म्हणणे तर इंग्रजीत ठोंब्याला म्हणतात. तेव्हा त्याने धंद्यासाठी उच्चाराप्रमाणे नवे स्पेलिंग घेतले. हा माल्कम आणि त्याचा भाऊ अ‍ॅलन यांनी १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर स्वतः बांधलेले विमान उडवले होते. विमानांच्या इतिहासात हे नाव आजही घेतले जाते ते त्यामुळेच. पण माल्कमचे मन थांबवण्यात रमले. १९१७ च्या सुमारास त्याने द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९१९ मध्ये विमानांचा नाद सोडून तो ब्रेकच्याच धंद्यात शिरला. एका भावाने माणसाला आकाशात नेले, दुसऱ्याने त्याला जमिनीवर वेळेवर उभे केले. कोणाचे उपकार मोठे, हे वाचकांनीच ठरवावे.

या ब्रेकची जाहीर परीक्षा १९२१ साली फ्रान्समध्ये झाली. त्या वर्षीची फ्रेंच ग्रां प्री ल मां येथे होती. ड्यूझनबर्ग या अमेरिकन कारखान्याने चारही चाकांना द्रवाचे ब्रेक लावलेल्या गाड्या तिथे उतरवल्या. त्यांतल्या एका गाडीचा चालक जिमी मर्फी सरावातच अपघातात सापडला होता. बरगड्यांना पट्टे बांधून तो शर्यतीला बसला. रस्ता उखडलेला, दगड उडताहेत, आणि प्रत्येक वळणावर मर्फी इतरांपेक्षा उशिरापर्यंत वेग टिकवून मग ब्रेक दाबतो आहे. तो जिंकला. ती शर्यत अमेरिकन गाडीने जिंकण्याची ती पहिलीच वेळ. जो उशिरा थांबू शकतो तोच जास्त वेळ जोरात धावू शकतो, हे त्या दिवशी सगळ्या युरोपाने पाहिले. त्याच वर्षापासून ड्यूझनबर्गच्या विक्रीच्या गाडीलाही असे ब्रेक मिळाले. पण ती गाडी लक्षाधीशांची. सामान्य मध्यमवर्गाच्या आवाक्यात हे ब्रेक आणले ते वॉल्टर क्राइस्लरने, १९२४ च्या आपल्या पहिल्या गाडीत. लॉकहीडच्या मूळ रचनेत दट्ट्यांना कातड्याच्या वाट्या होत्या आणि त्यांतून द्रव पाझरे. क्राइस्लरच्या इंजिनिअरांनी तिथे रबर घातले आणि गळती आटोक्यात आणली. हेन्री फोर्ड मात्र बधला नाही. पायापासून चाकापर्यंत सरळ पोलाद असावे, नळीतल्या पाण्यासारख्या वस्तूवर जीव टाकू नये, असा त्याचा बाणा. १९३९ च्या गाड्यांपर्यंत फोर्डने सळया सोडल्या नाहीत. म्हाताऱ्याला आपण हट्टी म्हणतो खरे. पण त्याच्या शंकेत एक कण तथ्य होते, आणि ते पुढे अनेकांच्या प्राणांशी आले. ते योग्य जागी सांगेन.

आता आपल्या भिंतीकडे वळू. पायाचा जोर प्रथम ज्या नळकांड्यात जातो आणि जिथून तो दाबाच्या रूपाने चारही चाकांना वाटला जातो, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. आरंभीच्या गाड्यांत पेडल जमिनीतून वर आलेले असे, आणि हा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, गाडीच्या सांगाड्याच्या जाड लोखंडी तुळईला बोल्टांनी जखडलेला असे. जागा गैरसोयीची खरी. रस्त्यावरचा चिखल त्याच्यावर उडे, आणि ब्रेकचे तेल पाहायचे तर सतरंजी उचलून, फळीतले झाकण काढून, ओणवे होऊन पाहावे लागे. साहजिकच ते कुणी पाहत नसे. पण या जागेचा एक मोठा गुण होता. सिलिंडर ज्याला टेकला होता ती तुळई अख्ख्या गाडीचे ओझे वाहणारी होती. माणसाच्या पायाने ती तसूभरही हलणारी नव्हती.

पुढे गाड्यांचे रूप बदलले. १९५२ च्या गाड्यांत फोर्डने अमेरिकेत पेडले जमिनीतून उपटली आणि वरून टांगली. मास्टर सिलिंडर बॉनेटखाली, त्या उभ्या भिंतीवर आला. पाठोपाठ इतरांनीही हाच मार्ग धरला. इंग्लंडात १९५९ ची मिनी आली ती असाच सिलिंडर भिंतीवर घेऊन. सोय उत्तम झाली: पाय ठेवायला जागा मोकळी, जमिनीतली भोके बंद, तेल पाहायचे तर बॉनेट उघडून नुसती नजर टाकावी. पण या स्थलांतरात सिलिंडरचा आधार बदलला. जाड तुळईच्या जागी आता मिलिमीटरभर जाडीचा पत्रा होता.

यात काय बिघडले, हे समजायला थोडा हिशेब करावा लागेल. दिवाळीत हिशेबाचे वावडे नसावे. समजा, तुम्ही पेडलवर ५० किलोचा जोर दिला. पेडल ही एक तरफ आहे; ती जोर सहापट करते असे धरू. म्हणजे सिलिंडरच्या दट्ट्यावर ३०० किलो पडले. सिलिंडरचे छिद्र पाऊण इंचाहून थोडे मोठे, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटरांच्या आसपास असेल, तर आतल्या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७५ किलोच्या पुढे जातो. हा दाब चाकांकडे गेला आणि गाडी थांबली. इथवर सगळ्यांना कळते. पण न्यूटनने सांगितल्याप्रमाणे जितका रेटा पुढे, तितकाच आधारावर. तेच ३०० किलो सिलिंडरला पुढे, इंजिनाकडे ढकलत असतात. आणि पेडलची वरची खुंटी? ती त्याच वेळी २५० किलोंनी मागे, चालकाकडे ढकलली जाते. एकाच भिंतीला एके ठिकाणी पुढे रेटा, वीतभर वर मागे रेटा! पत्रा पिळला जाणार नाही तर काय होईल? शिवाय समोर अचानक पोर आडवे आले तर माणूस ५० किलो मोजून पाय देत नाही. तेव्हाचा जोर याच्या दुप्पटही होतो.

ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हे लगेच उमगेल. मोट चालते तेव्हा सगळ्यांचे लक्ष बैलांकडे नाही तर भरून येणाऱ्या पाण्याकडे. पण वरचे चाक ज्या लाकडांवर बसवलेले असते त्यांच्यावर पाण्याचे वजनही येते आणि बैलांची ओढही येते. लाकूड लवले तर बैल दोन पावले जास्त चालतात आणि पाणी तिथेच राहते. भिंत लवली की ब्रेकचेही तसेच होते. सिलिंडरपाशी पत्रा दीड मिलिमीटर सरकला तर पेडल त्याच्या सहापट, म्हणजे नऊ मिलिमीटर फुकट खाली जाते. चालकाला पाय मऊ लागतो. रोज शेकडो वेळा असे लवून लवून बोल्टाच्या भोकापाशी पत्र्याला केसाएवढी चीर पडते, आणि चीर पडली की ती वाढतच जाते. मोठे कारखाने हे जाणून होते. त्यांनी त्या जागी पत्र्याला उभ्याआडव्या वळ्या पाडल्या, मागे जाड पट्ट्या जोडल्या, आणि पेडलचा ब्रॅकेट आणि सिलिंडर शक्य तिथे एकाच बोल्टांनी एकमेकांना बांधले, की पुढचा रेटा आणि मागचा रेटा आपसांतच मिटावा. पत्र्यावर येऊ नये. घरातले भांडण घरात मिटवण्याचीच ही युक्ती.

अवघड प्रसंग ओढवला तो जुन्या गाड्यांत नवे ब्रेक बसवणाऱ्यांवर. त्याला दोन कारणे झाली. पहिले कारण डिस्क ब्रेक. १९५३ मध्ये ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून जिंकली, आणि १९५५ मध्ये सित्रोएनने आपल्या डीएस गाडीच्या पुढच्या चाकांना ते दिले. डिस्क लवकर तापून निकामी होत नाही, पाण्यातून गेली तरी लगेच सुकते. पण जुन्या ड्रमचा एक गुण तिच्यात नाही. फिरता ड्रम आपल्या आतल्या शूला स्वतःच ओढून अधिक घट्ट बसवतो. थोडे काम आपणच करून देतो. डिस्क अशी मदत करीत नाही. तिला सगळा जोर बाहेरून हवा. तो जोर पायानेच द्यायचा तर भिंतीवरचा रेटा वाढतो. दुसरा मार्ग म्हणजे इंजिनाच्या निर्वात ओढीचा उपयोग करणारा बूस्टर. अशा मदतनिसाची कल्पना बेल्जियमच्या अल्बेअर द्वांद्रने १९२० च्या दशकातच प्रत्यक्षात आणली होती. बूस्टरने पायाचे कष्ट कमी होतात, पण हा मोठा डबा आणि त्याच्याही पुढे सिलिंडर, असे काही किलोंचे लटांबर त्याच पत्र्यावर लोंबकळत राहते आणि खड्ड्याखड्ड्याला त्याला हिसके देते.

दुसरे कारण अधिक गंभीर, आणि इथेच हेन्री फोर्डच्या शंकेतला तो कण सापडतो. सुरुवातीच्या द्रवाच्या ब्रेकमध्ये चारही चाकांचे तेल एकच होते. कुठेही एक नळी फुटली, एका चाकाचे रबर गेले, की चारही ब्रेक एकदम जात. पाय दाबावा आणि पेडल थेट जमिनीला टेकावे, हा अनुभव ज्याने घाटात घेतला असेल त्याला तो जन्मभर पुरेल. याला तोड म्हणजे एकाच नळकांड्यात एकामागे एक दोन दट्ट्ये आणि दोन स्वतंत्र तेलाची घरे. एक घर रिकामे झाले तरी दुसरे निम्मी चाके धरते. १९६२ च्या गाड्यांत कॅडिलॅक आणि अमेरिकन मोटर्स यांनी हा दुहेरी सिलिंडर दिला. स्वीडनच्या साबने पाठोपाठ पुढचे एक आणि तिरपे मागचे एक अशा जोड्या पाडल्या. तरी बहुतेक कारखाने स्वस्थच होते. १९६५ च्या अखेरीस राल्फ नेडर या तरुण वकिलाचे मोटारींच्या सुरक्षिततेवरचे पुस्तक निघाले आणि अमेरिकेत खळबळ उडाली. सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली, आणि १ जानेवारी १९६८ पासून तिथल्या नव्या मोटारींना दुहेरी ब्रेक सक्तीचे झाले.

कायदा नव्या गाड्यांसाठी होता. रस्त्यावर त्याआधीच्या लाखो गाड्या एकेरी सिलिंडर घेऊन फिरत होत्या, आणि ज्यांचा आपल्या जुन्या गाडीवर जीव होता ते तिच्यात दुहेरी सिलिंडर बसवू लागले. हा सिलिंडर लांब आणि जड. पायाखालच्या जुन्या जागेत तो सहजी मावत नाही. म्हणून पुष्कळजण तो वर, भिंतीवर नेतात. पण ती भिंत तर केवळ धग अडवण्यासाठी केलेली! नवा भाग कितीही भरवशाचा असला तरी तो अशा जागी टेकतो जिने हे काम कधी केलेलेच नाही.

माझ्याकडची मॉरिस मायनर अशीच आहे. अ‍ॅलेक इसिगोनिसने रेखलेली ही गाडी १९४८ ते १९७१ पर्यंत इंग्लंडात निघाली. सोळा लाख तयार झाल्या. आपल्या देशात हिंदुस्थान मोटर्सने ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने काही काळ विकली. तिचे ब्रेक लॉकहीडचेच, म्हणजे माल्कमच्या पेटंटाचे इंग्लंडातले वारस, आणि मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली सांगाड्याच्या पेटीत लपलेला. माझी गाडी मुळात माझ्या सासऱ्यांची. त्यांनी ती लेकरासारखी सांभाळली आणि त्यांच्या मागे ती आमच्याकडे आली. गेल्या वर्षी नातवंडांना तिच्यातून कोकणात न्यायचा बेत निघाला. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावला जायचे. बेत ऐकून मंडळींनी एकच अट घातली: “अहो, बाबांची गाडी आहे म्हणून मला प्यारी आहे, पण पोरांना घेऊन घाट उतरायचा तर आधी त्या ब्रेकचं काय ते करा.” अट रास्त होती. एक नळी फुटली तर चारही ब्रेक जातील, हे मी वर लिहिले आहे ते पुस्तकातले नव्हे. त्या अटीमागचे होते.

दुहेरी सिलिंडर आणि टांगते पेडल मिळवून मी एका जुन्या, नावाजलेल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सिलिंडर हातात घेऊन उलटसुलट पाहिला, बॉनेट उघडले, बॅटरीच्या शेजारच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारली. पत्रा डब्यासारखा वाजला. “साहेब, माल चांगला आणलात,” ते म्हणाले. “पण ह्याला धरणार कोण?”

मला पटवण्यासाठी त्यांनी सिलिंडर तात्पुरता चार बोल्टांवर चढवला, तेल भरून नळ्यांतली हवा काढली आणि पत्र्यासमोर काटा दाखवणारे एक मोजमापाचे घड्याळ टेकवले. मग आमच्या सौभाग्यवतींना म्हणाले, “वहिनी, आत बसा आणि कुत्रं आडवं आल्यासारखा ब्रेक मारा.” वहिनींनी मारला. आमच्या डोळ्यांदेखत सिलिंडरने मान डोलावली आणि काटा दीड मिलिमीटर सरकला. आतून आवाज आला, “पाय गादीवर ठेवल्यासारखा वाटतोय.” मिस्त्री म्हणाले, “गादी नाही वहिनी, भिंत आहे ती.”

पुढचे काम चार दिवस चालले, आणि ते पाहताना वर सांगितलेला सगळा इतिहास माझ्यासमोर लोखंडात उतरत होता. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो: जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट, तिप्पट तर सत्तावीसपट. मिस्त्रींना हे गणित ठाऊक नसेल, पण त्यांनी निवडली ती तीन मिलिमीटरचीच प्लेट. ती त्यांनी सिलिंडरपुरती कापली नाही. वर काचेखालच्या आडव्या पेटीपर्यंत, बाजूला पत्रा वळून कोपऱ्याला मिळतो तिथपर्यंत नेली. “मधे सोडली तर रेटा प्लेटच्या कडेला जाईल आणि पत्रा तिथं फाटेल,” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपऱ्यातून चीर निघते. वेल्डिंग सलग न करता एक टाका इथे, दुसरा पलीकडे, असे आळीपाळीने केले. पातळ पत्रा एका जागी तापला की पापडासारखा वाकतो. आधी बॅटरी सोडवली, सतरंजी बाहेर काढली, भिजवलेले पोते आणि पाण्याची बादली हाताशी ठेवली. पत्र्याच्या आतल्या अंगालाही दुसरी प्लेट आली. दोहोंच्या मधे बोल्टाच्या जागी पोलादी नळीचे आखूड तुकडे घातले, म्हणजे बोल्ट कितीही आवळला तरी थर चेपू नयेत. पेडलचा ब्रॅकेट आणि सिलिंडर त्याच चार बोल्टांनी एकमेकांना जखडले आणि ब्रॅकेटचे वरचे टोक काचेखालच्या पेटीला बांधले. शेवटी रेडऑक्साइड मारून प्रत्येक भोक बुजवले, कारण ब्रेक धरायचे नवे काम मिळाले म्हणून भिंतीने धूर आणि धग अडवायचे जुने काम सोडावे असे थोडेच आहे?

पुन्हा घड्याळ लावले, पुन्हा ब्रेक मारला. काटा जेमतेम थरथरला. मग मिस्त्रींनी स्वतः पुढच्या चाकांचे तेल मुद्दाम सोडले आणि गाडी गल्लीत हळू हाकून मागच्या निम्म्या ब्रेकवर थांबवून दाखवली. पेडल बरेच खाली गेले, पण गाडी थांबली. १९६८ च्या कायद्याचा सगळा सारांश त्या वीस पावलांत होता. तेल परत भरून हवा काढली, आणि महिनाभर गावातल्या गावात फिरवून प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासल्यावरच आम्ही घाट उतरलो. पोरे गाणी म्हणत होती. मी गिअर खालचा ठेवला होता. ब्रेक कितीही चांगला असला तरी घाट गिअरवरच उतरायचा, ही शिकवण सासऱ्यांची.

पास्कल, ब्रामा, लॉकहीड, क्राइस्लर यांची नावे इतिहासाने लिहून ठेवली, आणि ते योग्यच झाले. भिंतीमागे जाड पट्टी असावी हे प्रथम कुणाला सुचले, त्याचे नाव कुठे नाही. बॉनेट उघडणाऱ्यालाही ती पट्टी दिसत नाही. रंगाखाली ती पत्र्यात मिसळून जाते. पण दाब निर्माण करणारा जेवढा मोठा, तेवढाच तो दाब न लवता सोसणाराही मोठा, हे मी आता कुणालाही सांगायला तयार आहे. ज्याच्या हाती जुनी गाडी आहे आणि जो तिच्यात नवे ब्रेक घालू पाहतो, त्याने सिलिंडरची किंमत विचारण्याआधी आपल्या मिस्त्रीला माझ्या मिस्त्रींचाच प्रश्न विचारावा.

आणि ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांनीही या दिवाळीत गावी निघण्यापूर्वी एवढे करावे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून, ब्रेकचे पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावे. पाय एका जागी ठाम राहिला तर खुशाल निघावे. पेडल हळूहळू खाली जाऊ लागले तर तेल कुठेतरी सुटते आहे; मऊ लागले तर नळ्यांत हवा आहे, नाहीतर कुठेतरी काहीतरी लवते आहे. यांपैकी काहीही आढळले तर फराळाचे डबे खाली उतरवावेत आणि आधी मिस्त्रीचे घर गाठावे. चकल्या एक दिवसाने मऊ पडत नाहीत.